दोन पानं एकदम

सेल घ्यायला म्हणून आनंदाबाई वर्ध्याच्या रेडिओवाल्याकडे शिरल्या आणि दारातच थबकल्या. काउंटरपाशी भावासोबत गुंजन उभी होती. दृष्टी नसलेल्या या पोरीला त्या रोज दुपारी कॉलेजची पुस्तकं वाचून दाखवत.

"हा डिजिटल रेकॉर्डर घ्या ताई, पडदा मोठा आहे," दुकानदार गुंजनला म्हणाला.

"पडदा माह्या काय कामाचा, भाऊ? बटन हाताले समजलं पाह्यजे. रेकॉर्डिंग सुरू झालं का आवाज आला पाह्यजे."

"पन तुले पाह्यजे कायले? काकू वाचतेत ना रोज?"

"मधली पानं सोडतेत, दादा. दोन पानं एकदम उलटली का समजते मले."

"मंग म्हन ना त्याईले!"

"कसं म्हनू? फुकट येतेत बिचाऱ्या. रेकॉर्ड होऊन राह्यलं म्हटलं, तर पुरं वाचतीन."

आनंदाबाईंनी हातातल्या बांगड्या घट्ट धरल्या. आवाज केला नाही म्हणजे झालं.

"बोला बाई, काय देऊ?"

त्यांनी सेलांकडे नुसतं बोट दाखवलं.

"किती?"

त्यांनी दोन बोटं वर केली, तशा सुटलेल्या बांगड्या किणकिणल्या.

"दादा, बाजूले सरक," गुंजन हळूच म्हणाली. "आनंदाकाकूले जागा दे."