पहिल्या अध्यक्षांबद्दल दोन ओळी

— खासगी कारणास्तव? कुठलं खासगी कारण, मला सांग ना. नाही, तू वाचलंस ते बरोबरच वाचलंस, तसंच टाइप केलेलं आहे ते, तुझा काय दोष — पण परत एकदा वाच बघू. ‘शाखेच्या पहिल्या अध्यक्षांनी टाकी प्रकरणानंतर खासगी कारणास्तव राजीनामा दिला.’ संपलं? एवढंच? अख्ख्या शाखेचा इतिहास लिहिलात, त्यात नव्या इमारतीला दोन पानं, त्या परदेशी पाहुण्यांच्या भेटीला एक पान, आणि ज्या माणसानं इंजिनिअरांची ही संस्था या गावात आणली त्याला एक ओळ — आणि तीही अशी, की वाचणाऱ्याला वाटावं, पैसेबिसे खाल्ले असणार ह्यानं. बस गं, उभी का राहिलीस? फोटो देणार आहे मी तुला, त्यासाठीच पाठवलंय ना तुला मुख्य कार्यालयानं, संध्याकाळच्या समारंभात मोठा करून लावायचाय — देते. आधी ऐक. तुला ‘तू’ म्हटलं तर चालेल ना? नातीच्या वयाची आहेस माझ्या. आणि जरा हळू बोलू या, मधलं दार नीट लागत नाही, आणि आमचे हे आत झोपलेत. झोपलेत म्हणजे — डॉक्टर काल येऊन गेले. म्हणाले, आता औषधं बदलून काही उपयोग नाही, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. म्हणून म्हणते, घाई आहे मला. तुमचं पुस्तक अजून छापायला गेलेलं नाही ना? मग दोन ओळी घाल. दोनच. आणि आत जाऊन त्यांना वाचून दाखव. एवढं केलंस तर जन्मभर नाव घेईन तुझं.

अगं, तू बसलीयस ना, ही खोली म्हणजेच तुमची शाखा. दुसरी कुठली जागाच नव्हती. हे पाणीपुरवठा खात्यात नवे नवे इंजिनिअर, कुठूनसं डोक्यात घेऊन आले की गावातल्या सगळ्या इंजिनिअरांनी महिन्यातून एकदा एकत्र बसायचं, कोणीतरी एकानं आपलं काम मांडायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या चुका काढायच्या. मी म्हटलं, चुका काढून घ्यायला कोण येणार आहे स्वतःच्या पायांनी? पहिलं व्याख्यान पंपाच्या पायावर होतं. ऐकायला तीन माणसं, म्हणून मग मला आणि शेजारच्या वहिनींना मागच्या खुर्च्यांवर बसवलं, खोली भरल्यासारखी दिसावी म्हणून. टेलिफोन खात्याचे एक इंजिनिअर यायचे, ते पहिल्या वाक्याला झोपायचे, टाळ्यांनी जागे व्हायचे आणि सगळ्यात चांगला प्रश्न विचारायचे — कसं जमायचं कोण जाणे. हळूहळू माणसं वाढली. वीज खात्यातली आली, कारखान्यातली आली, खुर्च्या पुरेनात, मग खिडकीत बसायची, जिन्यात बसायची, आणि मी आपली चहा गाळतेय, गाळतेय. आणि भांडणं काय व्हायची. पण बाहेर पडताना एकमेकांच्या खांद्यावर हात. हे म्हणायचे, आपल्या भरवशावर दुसऱ्यांचा जीव असतो, तेव्हा आपल्याला तोंडावर सांगणारं कोणीतरी हवंच, त्यासाठी शाखा. हे लिही ना. हे कुठे आहे तुमच्या पुस्तकात?

हा घे फोटो. काच सांभाळ. हे मधे बसलेत ते आमचे हे, केस होते तेव्हा. आणि मागे अगदी कडेला, अर्धे चौकटीबाहेर गेलेले, ते भाऊजी. ओळखलं नाहीस ना? तुमचे अध्यक्ष, अख्ख्या संस्थेचे. ह्यांचे सख्खे धाकटे भाऊ. तंत्रनिकेतनात शिकवायचे तेव्हा, आमच्याकडेच राहायचे, त्या खिडकीखाली खाट होती त्यांची. लाजरे इतके, की चार माणसांत पाणी मागायचं झालं तरी माझ्याकडे बघायचे. आज काय भाषणं करतात, नाही का?

आता टाकीचं. टेकडीवरची टाकी हे ह्यांचं पहिलं मोठं काम. सगळ्या गावाला त्या टाकीचं पाणी, आणि टाकीच्या बरोब्बर खाली उतारावर बाजार, सकाळी पाय ठेवायला जागा नसायची. बांधताना एकदा नदीची वाळू आली नाही, काम अडलं, वरून तगादा, तेव्हा कंत्राटदारानं खाडीकडची वाळू आणली, धुतलीय म्हणाला, आणि ह्यांनी हो म्हटलं. खारी वाळू. मीठ आत राहिलं की लोखंड गंजतं, हे मलासुद्धा माहितीय आता. काही वर्षं गेली आणि तळाशी जे काँक्रीटचं गोल कडं असतं ना, ज्याच्यावर सगळं पाणी तोललेलं, त्याच्यावर तांबूस ओघळ दिसायला लागले. मग भेग. हे रोज चढून जायचे, हात लावून यायचे, जेवताना घास हातात तसाच राहायचा. साहेबांना सांगितलं, तर साहेब म्हणाले, रंग लावून घ्या. दोन हात द्या, ओघळ दिसणार नाहीत.

आणि मग ती सभा. ह्याच खोलीत. भाऊजींनी निबंध वाचला — ‘टेकडीवरील जलकुंभाची सद्यःस्थिती.’ हातातल्या कागदाची फडफड मला स्वयंपाकघराच्या दारात ऐकू येत होती. भावानं भावाच्या टाकीवर बोट ठेवलं, सगळ्यांच्या देखत. खात्याचे साहेब बसले होते पुढे, ते ताडकन उठले, म्हणाले हा पोरकटपणा आहे, अध्यक्षांनी सभा इथेच संपवावी. आणि अध्यक्ष कोण? हेच. सगळे ह्यांच्याकडे बघतायत. हे उठले. आवाज चढवला नाही, काही नाही. म्हणाले, “टाकी मी बांधलीय, वाळूला मी हो म्हटलंय, चूक माझी आहे. टाकी रिकामी करावी असा ठराव मी स्वतः मांडतो. ज्यांना रंग लावायचा असेल त्यांनी आधी बाजारात जाऊन उभं राहावं.” एवढंच. पहिला हात त्या टेलिफोनवाल्यांचा वर झाला — त्या दिवशी ते झोपले नव्हते. मग एकेक करत सगळे हात वर. इतक्या इंजिनिअरांचा ठराव, साहेब काय करणार? पाणी सोडून दिलं टाकीतलं.

ऐन उन्हाळा होता गं. गावाला पाणी नाही. तीन गल्ल्यांत मिळून एक टँकर. मी पण रांगेत, मला काय वेगळं? बायका माझी बादली पायानं बाजूला सरकवायच्या. तोंडानं कोणी बोलायचं नाही, नुसती बादली सरकवायच्या, आणि मी आपली पुन्हा मागे. कोणीतरी आमच्या फाटकाला फुटका हंडा बांधून गेलं. ह्यांना मीटर दुरुस्तीच्या शेडमध्ये बसवलं, निवृत्त होईपर्यंत तिथेच, एक काम दिलं नाही बांधकामाचं. पुढे टाकी फोडली, तेव्हा त्या कड्यातले गज हातानं मोडत होते म्हणे, बिस्किटासारखे. पण ते सांगायला बादली सरकवणाऱ्यांपैकी कोणी आलं का? टाकी पडली असती, माणसं मेली असती, तर पुतळा उभारला असता बाजारात. पडली नाही ना. जे झालंच नाही त्याचे आभार कोण मानणार? आणि राजीनामा — खासगी कारण कसलं, तुमच्या मुख्य कार्यालयाचाच माणूस आला होता, इथेच बसला होता, चहा प्यायला आणि म्हणाला, ज्यांच्या हातून असं बांधकाम झालं त्यांनी शाखेचं अध्यक्ष असणं बरं दिसत नाही. ह्यांनी तिथल्या तिथे सही केली. मी कप उचलायला आले, तर हे माझ्याकडे बघून हसले. मला आजही ते हसणं सहन होत नाही.

काय? नाही, सभेचा वृत्तान्त नाही सापडायचा, तो साहेबांनीच नेला, पुरावा कुठून आणू मी? मी होते ना. मी ऐकलंय. काय म्हणालीस — सर म्हणतात, म्हणजे भाऊजी? सर म्हणतात की विरोध झाला? कोणाचा विरोध, ह्यांचा? हो, प्रश्न विचारले ह्यांनी, कडक विचारले, भाऊजींना घाम फुटेपर्यंत विचारले, ते कशासाठी विचारले हे तुमच्या सरांना माहीत नाही का? कोणाला संशय येऊ नये म्हणून विचारले. प्रश्न ह्यांनीच काढले होते आणि उत्तरंही ह्यांनीच पाठ करून घेतली होती. अगं, त्या निबंधातला शब्द न् शब्द ह्यांचा. रोज संध्याकाळी मी आत कणीक मळतेय आणि इथून ह्यांचा आवाज — ‘गज गंजल्याने, स्वल्पविराम, काँक्रीट फुगते, पूर्णविराम’ — आणि भाऊजी लिहून घेतायत. भाऊजी टाकीवर चढले तेच मुळी ह्यांनी हाताला धरून नेलं म्हणून, उंचीला घाबरायचे ते. रडले होते एकदा. म्हणाले, “दादा, हे सगळं तुझ्यावर उलटेल.” आणि हे म्हणाले, “उलटू दे. मी बोललो तर माझी बदली होईल आणि टाकीला रंग लागेल. तू खात्याबाहेरचा, तू बोललास तर टाकी रिकामी होईल.” आणि वर मला म्हणतात, त्याच्या नावावर एकही निबंध नाही अजून, त्याचंही भलं होईल. झालं भलं. त्या निबंधाला पदक मिळालं, पदकावर मोठ्या शहरातली नोकरी मिळाली, आणि आज — परवा मोबाइलवर भाषण आलं होतं त्यांचं. ‘सत्यासाठी मला माझ्या सख्ख्या भावाच्या विरुद्ध उभं राहावं लागलं, त्या यातना मलाच ठाऊक.’ हे पडल्या पडल्या ऐकत होते. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. तर म्हणाले, छान बोलायला लागला, नाही? आणि टाळी वाजवायला हात उचलला. उचलला गेला नाही नीट. आता मला सांग, ज्याचा हात —

थांब.

तू लिहून घेतेयस हे? नको. नको नको, ते पेन ठेव खाली. हे मी सांगायचं नव्हतं. शब्द दिला होता मी ह्यांना, कधी कोणाला नाही म्हणून, आणि आजपर्यंत पोटच्या मुलांनाही सांगितलेलं नाही, आणि तुला — तू कोण कुठली, फोटो न्यायला आलेली. मला फक्त हे त्या सभेत उठून उभे राहिले एवढंच लिहून हवं होतं गं. एवढंच. बाकीचं कसं आलं तोंडातून? तो कागद फाड. फाड ना. हे बाहेर आलं तर भाऊजींची मान खाली जाईल सगळ्यांसमोर, आणि ते ह्यांना चालायचं नाही, मेल्यावरसुद्धा चालायचं नाही. माझं ऐक, तू काही —

श्श. खोकले आत. जागे झाले. ऐकलं असेल का? — हो, आले हो, आले —

...

नाही. ऐकलेलं नाही. की ऐकलं आणि बोलले नाहीत, कळत नाही मला, डोळे मिटलेलेच होते. म्हणाले, “खाली गाडी थांबली ना मघाशी? तो आला का?” तो म्हणजे कोण, ते नाही सांगितलं, पण अजून कोणाला हे ‘तो’ म्हणणार? पुस्तकाचं एका अक्षरानं विचारलं नाही गं. मीच आपली बसलेय, ओळ हवी, ओळ हवी करत. आणि भाऊजी ह्याच गावात आहेत आज, संध्याकाळी भाषण आहे ना त्यांचं, हॉटेलात उतरलेत, सकाळपासून, आणि फोटो न्यायला तुला पाठवलं त्यांनी. का? मी काही बोलेन म्हणून भितात? नाही बोलणार म्हणावं. शपथ घेऊन सांगते, इथे कोणी काही बोलणार नाही, ते आले की मी स्वयंपाकघरात जाऊन बसेन, तोंडसुद्धा दाखवणार नाही. मी ह्यांना सांगून आले, येतायत म्हणून. ते आता तू खरं कर. काय हवं ते छापा तुम्ही पुस्तकात, किंवा छापूच नका काही, नाव काढून टाका हवं तर. फक्त भाऊजींना सांग, भाषणाआधी या. नंतर नको, आधी. दादा विचारतायत म्हणावं. बघत काय बसलीस, गाडी आहे ना खाली? जा मग. दार मी लावून घेते, तू जा.