दानूच्या आईला लावलेला फोन

माझं माहेर सातारच्या अंगाला, सासर बी तितलंच, आन् दोन्हीकडं घरटी एक मानूस पल्टनीत, तवा काय सांगू तुमास्नी, वाट बघनं आमाला कुनी शिकवावं लागत न्हाई. मालकांसंगं मी छावनीत ऱ्हायले, तितं मोडकंतोडकं हिंदी शिकले, त्येच हिंदी हितं आयर्लंडात कामाला आलं, आन् त्येनंच घात केला बगा.

मालक गेल्यावर लेकानं हिकडं आनलं. संजू स्लायगोच्या दवाखान्यात डाक्टर, सून मेघा पुन्याची, दिवसभर कंप्युटरम्होरं, नातवंडं साळंत, मी आपली खिडकीत. शेजारी मेरीबाई, माझ्याच वयाची, पाऊस आसू दे, वारं आसू दे, तिचं समदं ग्रँड, म्हंजी झ्याक. तिच्या वरच्या खोलीत दानू भाड्यानं ऱ्हातो. खरं नाव येगळं, त्येचा मुलूख बी मी सांगनार न्हाई, तुमी कितीबी इचारा. एकडाव तोंड उगाडून बगितलंय म्या.

त्यो आपल्या भाषेत फोनला सांगायचा, फोन मला हिंदीत सांगायचा. कुंपनावरनं सुरू झालं, मंग भाकरी खायाला यायला लागला, लई ग्वाड खायचा. मला सैन्यात वडून न्हेलं, म्हनला, लढाईत म्या हात वर केले आन् कैद झालो. कैदंत भ्या कशाचं व्हतं, तर घरी धाडतील त्येचं. त्येच्या मुलकात शरन गेलेला म्हंजी फितूर, तुरुंगात सडवत्यात न्हाईतर गोळी घालत्यात. कैद्यांची अदलाबदल ठरली तवा ह्यो खाटंचा पाय धरून बसला, म्हनला हितंच मारा पर धाडू नगा. कुन्या भल्या मान्सांनी भांडून भांडून त्येला ठिवून घेतला, मंग हिकडं आनला, हितलं सरकार बी म्हनलं, तुला आमी परत धाडत न्हाई. गावाकडं त्यो मेला आसंच धरल्यालं, आन् त्यानंच आई सुखरूप. मेलेल्याच्या आईच्या दारात कोन कशाला जाईल?

पर माझ्या डोस्क्यात चांगुना बसल्याली. आमच्या आळीतली, नवरा लढाईत हरवला, जिता का मेला कळलंच न्हाई. कुनी म्हनायचं कुकू पूस, कुनी म्हनायचं नगं पुसू. पोस्टमन दिसला की पिठाच्या हातानं दारात यायची, म्हातारी हून तशीच मेली. म्हनून मी दानूच्या मागं लागले, आरं, एकडाव आवाज तरी ऐकीव. त्यो म्हनायचा, फोन ऐकत्यात ती लोकं. मी म्हनायची, आईपरास फोन मोटा का? मेघा म्हनली, आई, तुम्ही ह्यात पडू नका, त्याला कळतंय तो काय करतोय. म्या तिलाच फटकारलं, शिकल्याल्या बायकास्नी माया कळत न्हाई म्हनून. आसं बोलले तिला.

माझ्याच सैपाकघरातनं फोन लावला त्येनं. पलीकडं बोलनं न्हाई, नुसतं रडनं. मी बी रडले, आनंदानं शिरा केला, मेरीबाईला वाटी धाडली. लाज वाटती आता त्या शिऱ्याची.

पंधरवडा न्हाई झाला, दानू माझ्याकडं जेवाया बसला व्हता, तवा आईचाच फोन आला, ह्या बारीला तोंड दिसनारा. भितीला पाठ लावून ताठ बसल्याली, डोक्याला रुमाल, आन् बाजूला कुनाचीतरी बाही, काळी. वाचल्यावानी बोलत व्हती. फोन ठिवला आन् दानू उठून मेरीबाईकडं आपल्या खोलीत गेला, मी जिना चढून मागं, बगते तर पिशवी भरतोय. म्हनला, मी गेलो न्हाई तर तिला सोडनार न्हाईत. कुना सरकारला जमलं न्हाई त्ये म्या केलं, पोरगं आपल्या पायानं फासाकडं निगालं.

त्येचा हात धरला, म्हनलं, आई काय म्हनली त्ये जसंच्या तसं सांग. सांगितलं त्येनं, ये बाळा, माफी देनारेत, तुझ्यासाठी अक्रोड घालून पोळी भाजलीय. आन् म्हनला, म्हातारी झाली, इसरली, मला अक्रोड चालत न्हाई, ल्हानपनी गळा सुजून मरता मरता वाचलो, तवापास्नं तिनं घरात अक्रोड आनला न्हाई.

मी खाली बसले. मंग म्हनलं, "दानू, आई डोळ्यानं आंधळी हुईल, पर लेकराच्या जिवावर काय उठतंय त्ये इसरनार न्हाई. ती तुला येऊ नगं म्हनतीय."

फोननं त्ये हिंदीतनं त्येच्या भाषेत केलं, आन् त्येनं त्ये पुन्यांदा लावून ऐकलं. मंग पिशवी उपडी केली.

त्यो ऱ्हायला. तिचा फोन त्या दिसापास्नं लागत न्हाई. समदी म्हनत्यात, आई, तुमी त्येला वाचवलं. आवं, कसलं वाचवलं? त्या काळ्या बाहीशेजारी त्या माऊलीला म्या बसवलं, आन् तितनं तिनं आपलं पोर वाचवलं. म्या नुसतं तिचं बोलनं पोचवलं. दानू मला एका शब्दानं बोलला न्हाई, त्येच लई लागतंय. बोलला आसता तर बरं झालं आसतं.

आता त्यो रोज हितंच जेवतो. मी शेंगदानाकूट सुदीक त्येला इचारून घालते. सांजचं देवाम्होरं दिवा लावते, देवाला माझ्यासाठी काय मागायचं तोंड न्हाई मला, तिलाच सांगते. तिचं नाव बी ठाव न्हाई. ह्यो निरोप कुनी चोरून ऐकत न्हाई म्हनून रोज सांगते, तुजं पोर जेवलं, बाई.