कुत्र्यासाठी घर बघायला आल्या तेव्हा

कुत्रा आणायचं म्हणताय ना, मग आमच्याकडे काय झालं ते आधी ऐका. मला हवा होता लॅब्रॅडॉर. पुण्याचा ब्रीडर सकाळपासून फोन करून डोकं खात होता, "शेवटचं पिल्लू राहिलंय, लवकर बोला." त्यानं मला एकच प्रश्न विचारला होता, नर हवा की मादी. बायकोला मात्र पोलादपूरच्या रस्त्यावर सापडलेलं एक पिल्लू दत्तक घ्यायचं होतं. ते सांभाळणाऱ्या बाई आमचं महाडचं घर बघायला आल्या आणि त्यांचे प्रश्न काही संपेचनात. दिवसभर घरी कोण असतं? रात्री कुठे झोपवणार? पुराचं पाणी शिरलं तर त्याला वर कोण नेणार? आई कोपऱ्यात वाल सोलत बसली होती. माझी सारखी उठबस चाललेली. शेवटी भडकलोच, "मॅडम, कुत्रा देताय की मुलगी?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "एवढंच लक्षात ठेवा. तुमच्याकडे नाहीच रमलं, तर रस्त्यावर सोडू नका. फोन करा, मी येऊन परत नेईन."

तेवढ्यात ब्रीडरचा फोन पुन्हा वाजला. मी उचलणार, तोच आई म्हणाली, "ठेव तो फोन. ह्या बाईंचंच पिल्लू आणायचं."

"अगं, पण का?"

वाल सोलता सोलताच ती म्हणाली, "मला ह्या घरात दिली तवा माझा बाप बोललेला, आता परत यायचं नाय."