फियाटच्या छपराची पट्टी

तानाबाई : ते उलथनं ठेवा आधी खाली. चपाती तव्यावर हाय माझी.

बाळासो : चपाती हातानं उलट. हे उलथनं पातळ हाय, पट्टीखाली सरळ शिरतंय.

तानाबाई : शिरतंय खरं. अन् पट्टी हितं वाकली कशी?

बाळासो : वाकली न्हाय. जरा नमलीया.

तानाबाई : नमली! पाया पडाय लागली व्हय तुमच्या? अवो, पुढच्या काचंपासनं मागच्या काचंपर्यंत एकसलग पट्टी ती. एका टोकाला उचकटाय लागलं की दुसरं टोक धराय माणूस लागतंय. एकट्याचं काम न्हवं. आकाराम डेंटरबी तेच म्हणाला न्हाय का?

बाळासो : आकारामाला काय जातंय म्हणायला? छपराचा गंजलेला पत्रा कापतो म्हणतोय, नवा जोडतो म्हणतोय, पण चकाकत्या पट्टीला हात लावत न्हाय. ती मालकानं काढून आणायची. म्हणं, पट्टी वाकली की मालक मला वाकवतोय.

तानाबाई : शहाणाच हाय. मी धरते म्हटलं तर तुम्हाला ते नको.

बाळासो : तू धरलीस की बोलतीस, अन् बोललीस की हात हलवतीस.

तानाबाई : म्हणून तर फोन केलाय. भावजींना.

बाळासो : कुणाला?

तानाबाई : धैर्यशील भावजींना. किती धाकटे भाऊ हायत तुम्हाला?

बाळासो : सत्त्याण्णवला वाटणी झाली. सात वर्षांत ह्या दारात पाय टाकलाय त्यानं?

तानाबाई : अन् तुम्ही त्यांच्या दारात किती टाकलासा? गाडी तुम्हाला अन् किल्ली त्यांना, पाटा आम्हाला अन् वरवंटा त्यांना. पंचांना वाटलं, निमित्तानं तरी एकमेकांकडं जातील. झालं काय? दोन्ही घरांत मिक्सरवर चटणी, अन् गाडी आंब्याखाली कुजालीया.

बाळासो : फोनवर काय सांगितलंस?

तानाबाई : खरं तेच. म्हटलं, आण्णा उलथन्यानं फियाटची पट्टी उचकटाय बसल्यात.

बाळासो : हाताचं?

तानाबाई : हाताचं न्हाय सांगितलं.

बाळासो : सांगू नको. डाव्या हातात पकड न्हाय म्हटल्यावर किल्ली देणाराय व्हय तो? अन् किल्ली नसंल तर गाडी रंगवून काय देव्हाऱ्यात ठेवू? पेठ वडगावला जाऊन आक्काला बघून यायचं, एवढंच. एसटीत चढाय दांड्याला दोन हात लागत्यात, गं.

तानाबाई : मी न्हाय बोलणार. तुमचा हातच बोलंल.

(फाटक जोरात वाजतं.)

धैर्यशील : थांब! आण्णा, थांब! हात लावू नको!

बाळासो : या. सात वर्षांनी आलास, ते बी वराडत.

धैर्यशील : दुकानात गिऱ्हाईक उभं ठेवून आलोय. वैनी, पाणी नंतर द्या, आधी ते उलथनं घ्या त्याच्या हातातनं.

बाळासो : मी मेलोय म्हणून निरोप गेला असता तर सावकाश आला असतास. पट्टी म्हटल्यावर पळत आलास.

धैर्यशील : तुझं उद्या बघितलं असतं तरी चाललं असतं. ही पट्टी आता कुठल्या बाजारात मिळत न्हाय. आणि हे काय? हितं कुणी वाकवलं?

बाळासो : हिनं.

तानाबाई : व्हय की! मीच. चपाती समजून उलटाय गेलते.

धैर्यशील : हे बघ, असं ओढून निघत नसतंय. खाचेत रॉकेल सोडायचं, थोडं मुरू द्यायचं. उलथन्याला फडकं गुंडाळायचं, आणि पट्टीच्या खालच्या कडंखाली घालून बोटबोटभर सरकत जायचं. वैनी, रॉकेल हाय का?

तानाबाई : हाय. आणते. तोवर भांडू नका, मला ऐकायचंय.

बाळासो : दुकानात खिळे-मोळे विकून लई शिकलास.

धैर्यशील : आबांनी काढताना मीच धरलती दुसरी बाजू. तू तवा कुस्तीच्या मैदानात गेलतास. अरे देवा, किती पाला हाय रे हितं!

बाळासो : सावलीला लावली म्हणून पाला.

धैर्यशील : पाल्याखाली पाणी, पाण्याखाली गंज. ताडपत्री तरी टाकायचीस.

बाळासो : ताडपत्री तुझ्या वाटणीला गेली.

धैर्यशील : ...ती फाटली.

तानाबाई : हे घ्या रॉकेल. ताडपत्रीचं झालं असंल तर पुढं चला.

धैर्यशील : मी मागनं सोडवत येतो. आण्णा, तू पुढचं टोक धर. दोन्ही हातांनी.

बाळासो : एकानं धरतो की. पट्टीला वजन काय हाय?

धैर्यशील : वजन न्हाय, पण ती सुटली की उसळी मारती. दोन्ही हातांनी धर म्हटलं की दोन्ही हातांनी.

बाळासो : धरली. तू कर तुझं.

धैर्यशील : चांगली सुटालीया. बघ, रॉकेलनं कशी मऊ झाली. अजून जरा. आता मधलं. धरलीयस न्हवं? घट्ट धर, सुटतीया. आण्णा, धर! अरे धर की!

तानाबाई : अगं बाई गं!

धैर्यशील : घावली. घावली मला. वैनी, तुम्ही मधे हात द्या. हां, अशी. ठेवा हळूच पोत्यावर. वाचली. सोडलीस का रे?

बाळासो : घाम आलाय हाताला.

धैर्यशील : एकाच हाताला?

बाळासो : पट्टी बघ आधी.

धैर्यशील : पट्टी सरळ हाय. डावा हात दे इकडं. माझं बोट दाब.

बाळासो : दाबलंय.

धैर्यशील : दाब की, आण्णा.

बाळासो : दाबलंय म्हटलं न्हवं!

धैर्यशील : ...वैनी, हे कवा झालं?

तानाबाई : दिवाळी झाल्यावर. अंगावरनं वारं गेलं. सकाळी हातातली कपबशी पडली, मी म्हटलं झोपेत हायत. तोंडबी वाकडं झालतं, ते आलं जाग्यावर. हात न्हाय आला.

धैर्यशील : आणि मला कुणी सांगायचं न्हाय?

बाळासो : आला असतास?

धैर्यशील : आलो असतो.

बाळासो : कशाला?

धैर्यशील : भांडायला. पण आलो असतो की.

तानाबाई : भावजी, बसा त्या पायरीवर. पाणी घ्या.

धैर्यशील : बसत न्हाय. आण्णा, मला एक सांग. ह्या गाडीचा गेर स्टेरिंगला, डाव्या अंगाला. तू तो कशानं टाकणार होतास?

बाळासो : उजव्या हातानं.

धैर्यशील : मग स्टेरिंग?

बाळासो : तेवढ्यापुरतं गुडघ्यानं. वडगावचा रस्ता सरळ तर हाय.

धैर्यशील : सरळ! हायवेच्या ट्रकवाल्यांना आधी कळवणार होतास का, गुडघ्यानं यायलोय म्हणून?

बाळासो : ते जाऊ दे. किल्ली आणलीयस का न्हाय?

धैर्यशील : आणलीया. द्यायचीच म्हणून खिशात टाकून निघालतो.

बाळासो : दे मग.

धैर्यशील : आता न्हाय देत.

बाळासो : बघ, ताने! म्हटलं नव्हतं मी?

तानाबाई : मी तोंड उघडलेलं न्हाय हां.

बाळासो : घेऊन जा तुझी किल्ली. पट्टीबी ने. सात वर्षं चालली ही गाडी किल्लीशिवाय, अजून सात चालंल.

धैर्यशील : चालली कुठं? उभी व्हती.

बाळासो : उभी ऱ्हाईल. पण आक्का अंथरुणाला खिळलीया, धैर्या. दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या हाती निरोप येतोय. मी कसा जाऊ, एवढं सांगून जा.

धैर्यशील : तुला आक्काला बघायचंय, का गाडी चालवायचीया?

बाळासो : दोन्ही.

धैर्यशील : दोन्ही व्हायचं न्हाय. एक होईल.

बाळासो : ...आक्काला बघायचंय.

धैर्यशील : मग ऐक. पंचांनी केलंय तेच ऱ्हाऊ दे. गाडी तुझी, किल्ली माझी. उद्या येतो, छपराच्या पलीकडच्या अंगाची पट्टीबी काढू. आकारामाकडनं गाडी आली की मी चालवतो.

तानाबाई : अन् हे?

धैर्यशील : शेजारी. उजवा हात धड हाय की त्याचा. बसल्या जागेवरनं हॉर्नला पोचतोय.

बाळासो : म्हणजे तू चालवणार, अन् मी नुसता हॉर्न वाजवणार?

धैर्यशील : आबा घरात नसले की तू चालवायचास, आणि हॉर्न माझ्याकडं. मी कवा तक्रार केलती?

बाळासो : रोज केलतीस. आबांकडं जाऊन.

तानाबाई : आत या दोघंबी. चपात्या जेवढ्या वाचल्यात तेवढ्या खाऊन घ्या.

बाळासो : धैर्या, त्या हॉर्नचा आवाज आधीपासनं बारीक हाय. पुढचा माणूस काय लगेच बाजूला होत न्हाय.

धैर्यशील : नको होऊ दे. थांबू की त्याच्या मागं.