विहिरीच्या ठरावातला एक शब्द

या समारंभाचे अध्यक्ष आणि पिंपळझरीचे सरपंच माननीय किसनराव, व्यासपीठावर विराजमान झालेले गटविकास अधिकारी साहेब, ग्रामपंचायतीचे सन्माननीय सभासद, ज्यांच्या सतरंज्यांवर आपण सारे बसलो आहोत ते शाळेचे हेडमास्तर, आणि माझ्या ग्रामस्थ बंधुभगिनींनो,

समोर बायामंडळींत माझी पत्नी माणिकबाई बसली आहे. निघताना तिने बजावलं आहे की फार लांबवू नका. पण सतरा वर्षं मी या गावच्या सभांत दुसऱ्यांची बोलणी लिहून घेतली, स्वतः कधी बोललो नाही, तेव्हा थोडं लांबेल. आणि मी दमलो आहे. बसून बोललो तर चालेल का, अध्यक्षमहाराज? आभारी आहे.

आत्ताच किसनरावांनी माझ्या गौरवाचा ठराव वाचला. कर्तव्यदक्ष, निःस्पृह, गावाशी एकरूप झालेले, आणि शेवटी 'ठराव सर्वानुमते मंजूर.' भाषा ओळखीची वाटली. वाटणारच, ती माझीच आहे. माझ्या जागी आलेले नवे सेक्रेटरी गोवर्धन गेला महिनाभर माझी जुनी बुकं वाचून काम शिकत आहेत. हुशार आहेत, लवकर शिकले. त्याचीच मला जरा काळजी वाटते.

नोकरी लागली तेव्हा मला अकोल्याला ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथे एक वयस्क गुरुजी राज्यशास्त्र शिकवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर तीन वर्तुळं काढली. एकाचं राज्य, थोड्यांचं राज्य, सगळ्यांचं राज्य. मग विचारलं, मुळात राज्य सुरू कसं झालं असेल? कोणी म्हणालं, बळी तो कान पिळी, त्यातून. कोणी म्हणालं, घरचा कर्ता पुढे कुळाचा कर्ता झाला, कुळाचा गावाचा. कोणी म्हणालं, माणसांनी आपसांत करार केला. मी तरुण होतो, मी वहीत सगळंच लिहून घेतलं.

आज मला कोणी विचारलं तर मी वेगळं सांगेन. चार माणसं भांडून भांडून दमली असतील, आणि पाचव्याला म्हणाली असतील, "जाऊ दे बापा, तूच सांग काय करायचं थे." झालं राज्य सुरू. साहेब हसताहेत, पण मी थट्टा करत नाही. ती तीन वर्तुळं मी या गावात एकाच सतरंजीवर बसलेली पाहिली आहेत. कागदावर सगळ्यांचं राज्य, ठरवणारे चौघे जण, आणि त्या चौघांनी ज्यांच्या तोंडाकडे पाहायचं ते आपले त्या वेळचे सरपंच नत्थुजी. ते आता हयात नाहीत. गेलेल्या माणसावर मी काही ढकलणार नाही. जे सांगणार आहे ते माझं आहे.

मी लागलो तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो. राजधानी नागपूर. छप्पन साली मुंबई राज्यात गेलो, साठ साली महाराष्ट्र झाला. माझी खुर्ची तीच राहिली, तिचा एक पाय तेव्हाही हलायचा. छापील कागद वेळेवर येत नसत, म्हणून मी जुन्याच कागदावर 'मध्यप्रदेश' खोडून 'मुंबई' लिहिलं, पुढे 'मुंबई' खोडून 'महाराष्ट्र' लिहिलं. अख्खं सरकार मी दोनदा खोडलं, कोणाला काही वाटलं नाही. एक शब्द मात्र मला खोडता आला नाही. तो सांगायलाच मी बसलो आहे.

माझी कामाची एक पद्धत होती. गोवर्धन, हे लक्ष देऊन ऐका. सभेचा वृत्तांत मी घरून लिहून आणायचो. वरती 'आज रोजी सभा भरली', खाली 'ठराव सर्वानुमते मंजूर', आणि मधे चार बोटं जागा मोकळी. सभेत तेवढी भरली की काम संपलं. कारण पाच वाजता घरी जायची शेवटची मोटार, भातकुलीची, ती चुकली की मुक्काम चावडीत. शिवाय लिहिलेलं खोडायचं तर खाडाखोडीवर सरपंचांची सही लागते, आणि सही मागायची तर का खोडतो हे सांगावं लागतं. आता मला सांगा, अशी भानगड कोण करणार?

एकसष्ट सालची गोष्ट. गावाला एक विहीर मंजूर झाली. आपला सारा पट्टा खारपाणाचा, गोड पाण्याचा झरा सापडणं म्हणजे नशीब. ती खणायची कुठे, यासाठी सभा बोलावली. त्या सभेत मनकर्णाबाई होत्या. पंचायतीत बाई सभासद पाहिजे असा कायदा आला होता, म्हणून बौद्ध वस्तीतून त्यांना घेतलं होतं. घेणाऱ्यांची समजूत अशी, की बाई येईल, हजेरीला अंगठा देईल आणि पदर सावरून बसेल.

नत्थुजी म्हणाले, विहीर चावडीपुढे. सगळ्यांच्या माना हलल्या. मनकर्णाबाई म्हणाल्या, "नाही. तिथं खारं लागन. नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी गोड हाय, आमी रोज पितो. तिथं खणा." नाल्यात वाळू उकरून केलेला तो खड्डा त्यांच्या वस्तीच्या अंगाला. गावाने तिकडे पाण्याला जायचं, ही गोष्ट कोणाच्या घशाखाली उतरेना. तसं कोणी बोललं नाही, पण मी तिथे होतो, मला कळलं. बाईंनी पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा उभ्या राहून म्हटलं. मी घड्याळ पाहिलं. पावणेपाच झाले होते. मी मधल्या जागेत 'चावडीपुढे' असं भरलं आणि बुक मिटलं.

विहिरीला पाणी लागलं. म्हशींनी तोंड लावलं आणि फिरवलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मग वरून एक अधिकारी चौकशीला आले. त्यांनी विचारलं, कोणाचा विरोध होता का? मनकर्णाबाई पुढे झाल्या, म्हणाल्या, मी नाही म्हटलं होतं. अधिकाऱ्यांनी बुक उघडलं, वाचलं आणि म्हणाले, "बाई, इथे तर सर्वानुमते आहे. आणि वर तुमचा अंगठाही आहे." अंगठा हजेरीचा होता. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. अध्यक्षमहाराज, मी काहीच बोललो नाही.

त्या दिवसापासून बाईंच्या वस्तीनेच त्यांना दूर केलं. आपलं माणूस पंचायतीत बसवलं आणि तिने अंगठा देऊन आपल्या वाट्याची विहीर चावडीला दिली, असं वस्तीने धरलं. झिऱ्यावर बाया त्यांच्याशी बोलेनात. सख्ख्या जावेने, भागीरथाबाईंनी, अबोला धरला. बुद्धपौर्णिमेच्या खिरीला कोणी हाक मारली नाही. पासष्ट साली नाल्याकाठी दुसरी विहीर खणली, तिला गोड पाणी लागलं. आज आपण सगळ्यांनी जो चहा घेतला तो त्याच पाण्याचा. तरी कोणी म्हणालं नाही, की ही बाई आधीच सांगत होती. कसं म्हणणार? बुकात तसं नव्हतं.

मधल्या काळात बाई प्रौढांच्या वर्गात जाऊ लागल्या. आम्हाला वाटलं, हौस असेल. एक दिवस त्या आफिसात आल्या आणि म्हणाल्या, "सेक्रेटरी, एकसष्टचं बुक दाखवा." मी दाखवलं. ओळीवर बोट ठेवून त्या वाचायला लागल्या. एका शब्दापाशी थांबल्या. अक्षर अक्षर लावून तो वाचला आणि विचारलं, "म्हंजे काय?"

मी म्हटलं, सगळ्यांच्या मताने.

"सगळ्यांत मी नोहती का?"

मी म्हटलं, बाई, तशी लिहायची रीत आहे.

"मंग मी नाही म्हटलं, थे कुठी लिवलं?"

मी चष्मा पुसत बसलो. त्या बुक नीट बंद करून माझ्यापुढे सरकवून निघून गेल्या. मंडळी, लोकांनी मला शिव्या दिल्या आहेत, एकदा चावडीत माझ्या अंगावर काठीही आली होती. त्याचं काही वाटत नाही. ते बुक मिटलेलं मात्र विसरत नाही.

काल मी त्यांच्या घरी आमंत्रण द्यायला गेलो. त्या म्हणाल्या, "येईन. पण तुमच्या तारीफले मी हात वर नाही करणार." मी म्हटलं, नका करू. तर म्हणाल्या, "अन् बुकात काय लिवसान?"

त्या आल्या आहेत. मागे दाराशी बसल्या आहेत, एकट्याच.

साहेब, जुनं बुक आता बदलता येत नाही, हे मला माहीत आहे. पण आजच्या सभेचं बुक अजून उघडं आहे. गोवर्धन, यात लिहा. एकसष्ट सालच्या विहिरीच्या ठरावाला मनकर्णाबाईंनी तीन वेळा विरोध केला होता, आणि सेक्रेटरी वामनराव यांनी तो लिहिला नाही. खाली माझी सही घ्या. अंगठाही घ्या पाहिजे तर. आणि भागीरथाबाई, तुम्ही समोरच बसल्या आहात म्हणून सांगतो. तुमच्या जावेने तुम्हाला विकलं नव्हतं. मला मोटार गाठायची होती.

आता माझ्या गौरवाचा ठराव. अध्यक्षांनी तो मंजूर म्हणून वाचला, पण हात कोणी पाहिले नाहीत. माझी विनंती आहे, पुन्हा विचारा. ज्यांचा विरोध असेल त्यांनी हात वर करावा. घाई नाही. आज मला कुठली मोटार गाठायची नाही.

हं. एक हात आहे, मागे दाराशी. दिसला ना, गोवर्धन? मग 'सर्वानुमते' खोडा. किसनराव, एवढ्या खाडाखोडीवर सही द्या. आणि विरोध करणाऱ्यांचं नाव पूर्ण लिहा, त्या वाचून पाहतील.

शाल दिलीत, नारळ दिलात, जेवणही आहे असं ऐकतो, त्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. पण एक विनंती. त्या एकसष्टच्या चुकीची माफी मला ठरावाने देऊ नका. ती देणारं माणूस एकच आहे, आणि त्याने आत्ताच हात वर केला आहे.

नमस्कार.