शिंगांचा रंग

हरसूलच्या गाडीची वाट बघत रांगेत उभ्या असलेल्या मीनाला मागच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं ऐकू येत होतं. म्हाताऱ्याच्या खांद्यावर सायकलचा सेकंडहँड टायर होता.

“जुनी सायकल नीट करून पार पेठला लेकीकडं जाणार, अन् घंटी नाय घेतली?”

“टायरातच पैसे सरले, नवसे. रंगसुद्धा घरचाच लावला.”

“घरचा कंचा?”

“पोळ्याचा उरला व्हता. चांद्याच्या शिंगांचा.”

“बैल जाऊन महिना नाय झाला, अन् त्याचा रंग तुम्ही सायकलला फासला?”

“डब्यात वाळून गेला असता गं.”

मीनाला वाटलं, आता भांडण जुंपणार.

“त्याच्या गळ्यातली घंटी खुंटीला हाय. ती बांधा.”

“बांधतो.”

“अन् घाटात हळू हाका. त्याला घाईची सवय नव्हती.”