आठ दहाची बस

(केरळातल्या मलप्पुरमकडची एक सरकारी शाळा; मोठ्या भावाला, दादाला इथे ‘एट्टन’ म्हणतात. स्टाफरूममध्ये शैलजा टीचर विद्यार्थ्यांच्या सिनेमा-स्पर्धेचा अहवाल सांगतायत, दहावीतली रिन्शा लिहितेय.)

टीचर : लिही. ‘सिनेमा माणसाला दुसऱ्याच्या जागी उभं राहायला शिकवतो.’

रिन्शा : उभंच राहावं लागतं, टीचर. बसायला जागा नसते तिथे.

टीचर : कुठे?

रिन्शा : कंडक्टरच्या जागी. बसच्या दारात.

टीचर : बाई गं, अजून तीन अहवाल व्हायचेत माझे. सिनेमा त्या कंडक्टर शाजीवरच का काढलास, ते लिही.

रिन्शा : थांब्यावर गणवेश दिसला की शाजीएट्टन डबल बेल देतो, बस थांबतच नाही म्हणून. आमचं सवलतीचं तिकीट ना! सहामाहीला माझा गणिताचा पेपर अर्धा बुडाला. सोमवारी दहावीची परीक्षा सुरू. म्हटलं, दाखवूच गावाला हा माणूस.

टीचर : ‘समाजाशी संवाद साधावा’ असं लिही.

रिन्शा : तर तुम्ही म्हणालात, त्याच्या बाजूने काढ.

टीचर : मी कशाला म्हणू? स्पर्धेचं परिपत्रक म्हणालं. पुढे?

रिन्शा : चार दिवस मोबाइल घेऊन दारात उभी होते. मागे कायम दुसऱ्या मालकाची बस. स्टँडवर दोन मिनिटं उशीर झाला की ह्याची पाळी गेली, मग मालक फोनवर आईबाप काढतो. सगळं घेतलंय.

टीचर : छान. ‘दृष्टिकोन व्यापक झाला.’

रिन्शा : एक गोष्ट मात्र मी लिहिणार नाही.

टीचर : सांग तरी.

रिन्शा : चौथ्या दिवशी मागची बस अगदी पाठीला लागलेली. शाजीएट्टन आत तिकिटं देत होता. आमच्या थांब्यावर वर्गातल्या नऊजणी. बेलची दोरी माझ्या हाताशी.

टीचर : मग?

रिन्शा : दोनदा ओढली.

टीचर : तू?

रिन्शा : हात गेला, टीचर. त्यातली फसीला पळत आली खिडकीशी. काय शिव्या दिल्या मला! त्याही घेतल्यात, नुसता आवाज.

टीचर : म्हणून तिथे पडदा काळा होतो होय! परीक्षकांनी त्याचंच कौतुक केलंय.

रिन्शा : शाजीएट्टन तिथेच रडला. काल हॉलमध्ये सिनेमा दाखवला तेव्हा. म्हणाला, आजवर आमची बाजू कुणी विचारलीच नाही.

टीचर : हं, हा झाला शेवट. ‘परस्परांत सामंजस्य निर्माण झाले.’ आज सकाळी आठ दहाच्या बसला भेटला?

रिन्शा : हो. लांबूनच ओळखलं. दारातून हात हलवला.

टीचर : आणि?

रिन्शा : डबल बेल दिली. मागे दुसरी बस होती ना.

टीचर : मग सोमवारी पेपरला कशा येणार तुम्ही?

रिन्शा : साडेसातला निघू. चालत.